रात्री अकरा वाजता ती जाणार कुठे?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. आज रात्री अकरा वाजता, भर पावसात, एखाद्या बाईला स्वतःचं घर सोडून बाहेर पडावं लागलं, बरोबर लहान मूल आहे, जवळ पैसे नाहीत, तर तुमच्या गावात ती जाईल कुठे? चटकन उत्तर देऊ नका. ‘माहेरी’ असं तर मुळीच म्हणू नका, कारण माहेर दूर आहे आणि त्या बाजूची शेवटची एस.टी. केव्हाच गेलेली आहे.

मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आषाढात तो आमच्या दारातच येऊन उभा राहिला.

त्या रात्री दिवे गेले होते. मी वह्या तपासायच्या सोडून मेणबत्ती शोधत होते. दारावर थाप पडली. उघडलं तर शेजारच्या इमारतीतली ती. आमची ओळख भाजीच्या गाडीवरची आणि नवरात्रातल्या देवीपुढची, त्यापलीकडे नाही. पाच वर्षांची मुलगी हाताशी, दोघी चिंब, आणि हिच्या एकाच पायात चप्पल. ‘वहिनी, आजची रात्र झोपू द्याल?’ एवढंच म्हणाली. तिचा नवरा चांगला बोलणारा माणूस. गणपतीच्या वर्गणीला पुढे, कुणाला रक्त लागलं तर पुढे. मी काही विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही म्हणा.

आमच्या सासूबाई मात्र उठल्या. माझं आणि त्यांचं मिठाच्या बरणीवरूनसुद्धा वाजतं, पण त्या रात्री त्यांनी एक शब्द न बोलता मुलीचं डोकं पुसलं, दूध गरम करून दिलं, आपलं कोरडं लुगडं तिला नेसायला काढलं आणि स्वतःच्या खोलीत दोघींचं अंथरूण घातलं. ह्यांनी कडी दोनदा तपासली.

सकाळी सहाला ती उठली. अंथरुणाच्या घड्या केल्या, कप विसळला. ‘जाते’ म्हणाली. मी म्हटलं, ‘जपून राहा हं.’ आणि तिला फाटकापर्यंत सोडलं.

आता खरं सांगू? ती गेली तेव्हा मला हायसं वाटलं. तिचा नवरा येऊन आमच्या दारात तमाशा करील का, हे कामावर जाताना कुणी अडवील का, मुलांसमोर काय सांगायचं, असे विचार रात्रभर डोक्यात होते. ते एकदम संपले. दुपारी शाळेत फळ्यावर समानार्थी शब्द लिहिताना मध्येच लक्षात आलं, की ती गेली म्हणजे गेली कुठे? जिथून पळून आली तिथेच! आणि मी तिला ‘जपून राहा’ म्हणून सांगितलं, जणू ती गावाला निघाली होती.

पुढच्या भिशीला मी हे मंडळात बोलले. नाव सांगितलं नाही. आमचं महिला मंडळ म्हणजे तुम्हांला ठाऊक असतं तसंच: हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, मेंदीचे वर्ग. मला वाटलं, विषय बदलतील. पण आमच्या अध्यक्षा, त्यांना आम्ही सगळ्या काकू म्हणतो, त्या चष्मा काढून म्हणाल्या, ‘आधी आपल्या गावात काय आहे नि काय नाही ते तरी पाहू या. माहीत नसताना सल्ले द्यायला आपल्याला कोणी सांगितलंय?’ चौघींनी काम वाटून घेतलं. एकीकडे पोलीस ठाणं, एकीकडे सरकारी दवाखाना, एकीकडे कोर्ट. आणि बायकांना काय हवं असतं ते बायकांनाच विचारायचं, हे माझ्याकडे आलं. बी.ए.ला समाजशास्त्र होतं ना माझं!

त्या समाजशास्त्रानंच घात केला. मी छानपैकी प्रश्नावली तयार केली. ‘आपणांस घरात मारहाण होते का? होत असल्यास किती वेळा?’ असे सतरा प्रश्न. झेरॉक्स काढल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मला बरेच दिवस खटकत होती. पालकसभेला नेहमी पूर्ण बाह्यांचं पोलकं, अगदी मे महिन्यातही. मी मुलीजवळ बंद पाकीट दिलं, ‘आईला दे, भरून उद्या आण’ म्हणून.

मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आई आली. फाटकाबाहेरच उभी राहिली. ‘बाई, तुमचं वाईट नव्हतं मनात,’ ती म्हणाली, ‘पण पुन्हा असं काही लिहून पाठवू नका. दप्तर ते तपासतात.’ तिचा मोबाईल त्यानं काढून घेतला होता. मुलीला मात्र काही केलं नव्हतं, हे तिनं मला दोनदा सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून!

उरलेल्या झेरॉक्स मी त्याच रात्री गॅसवर जाळल्या. ही चूक माझी, आणि ती तुम्हांला सांगायची ती एवढ्यासाठी, की अशा कामाला तुम्ही निघालात तर तुमच्या हातून होऊ नये. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष असतो. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयात तो पहिल्यांदा सुरू केला आणि पुढे राज्यभर पसरला. तिथल्या ताईंकडे मी गेले, तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि मग चांगलं फैलावर घेतलं. बाईला तिच्या घरी जाऊन विचारायचं नाही. चिठ्ठी नाही, मेसेज नाही. ती एकटी जिथे असते तिथे भेटायचं. आणि ‘मारतात का?’ असं न विचारता ‘तुमच्यासारखीच एखादी अडचणीत असली तर तिला काय लागेल?’ असं विचारायचं. ती दुसरीचं म्हणून आपलं सांगते. नाव तर कागदावर घ्यायचंच नाही.

मग मी तशी फिरले. रेशनच्या रांगेत, शिवणवर्गात, अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी, सरकारी दवाखान्याच्या बाकावर. वर्षभर. घाईचं कामच नव्हे ते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे. आपल्या महाराष्ट्रात साधारण चौथा हिस्सा. आणि त्याच सर्वेक्षणाप्रमाणे, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के. हे आकडे वाचून मी पूर्वी ‘अरेरे’ म्हणून पान उलटलं असतं. आता रेशनच्या रांगेत उभी राहिले की नकळत मोजते.

मला वाटलं होतं बायका म्हणतील, कडक कायदा हवा, त्याला अद्दल घडवा. एकीनंही तसं म्हटलं नाही. आमच्या आळीत पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना मी मोठ्या उत्साहानं २००५ च्या कायद्याचं सांगायला लागले, तर त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, ‘ताई, कायदा हाय मला ठाऊक. अर्ज करायच्या आधीची रात्र काढायची कुठं, ते बोला.’

मग काय हवं होतं त्यांना? ऐकाल तर किती साध्या गोष्टी! कागद ठेवायला जागा. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची नक्कल, लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो. घर सोडायची वेळ येते तेव्हा कपाटाची किल्ली नवऱ्याकडे असते. दुसरं, एक फोन, जो कुणी तपासणार नाही. तिसरं, बरोबर येणारं माणूस. ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात एकटीनं जायला पाय धजत नाहीत. ‘नुसतं शेजारी बसा, बोलू नका,’ असं एक जण म्हणाली. आणि रात्र. प्रत्येकीच्या बोलण्यात ती रात्र होतीच.

चांगल्या घरच्या, म्हणजे तुमच्याआमच्या घरच्या बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. एक जण, नवरा गावात नावाजलेला, मला म्हणाली, ‘पोळ्यावाल्या बाईला निदान भाऊबंदांत ओरडता येतं. मी कुणाकडे जाऊ? डॉक्टर ह्यांचे मित्र, वकील ह्यांचे मित्र, इन्स्पेक्टर आमच्याकडे जेवायला येतात.’ तिला पैसा नको होता, आसरा नको होता. तिला परगावचा एक वकील आणि एक डॉक्टर हवा होता, जे तिच्या नवऱ्याला ओळखत नाहीत. मारहाण खालच्या वस्तीत होते असं मानणाऱ्या आमच्या मंडळाला हे पचायला जरा जड गेलं. मी सांगत असताना दोघी-तिघी खाली बघत होत्या. कोण ते मी पाहिलं नाही.

इकडे बाकीच्या तिघींनी काय काय शोधून आणलं तेही ऐका.

ठाण्यात आधी आमच्या मैत्रिणीला ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, बोलावून समजूत घालतो’ हेच उत्तर मिळालं. समजूत घातली की नवरा ‘हो साहेब’ म्हणतो आणि घरी गेल्यावर ‘हो साहेब’चे पैसे वसूल करतो. पण तिथल्याच एका महिला पोलिसानं बाहेर येऊन हळूच सांगितलं, ‘ठाण्यात यायला भीती वाटली तर ११२ ला फोन करा. त्याची नोंद राहते, मग कुणाला तरी जावंच लागतं.’ महिलांसाठीचा १८१ वेगळा. आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांना ह्यांतला एकही नंबर ठाऊक नव्हता, मला धरून.

दवाखान्यात भलतीच गोष्ट कळली. बाई हात मोडून येते, बरोबर सासू नाहीतर नवरा असतो, डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात ‘काय झालं?’, ती म्हणते ‘मोरीत घसरले’, आणि केसपेपरवर तेच येतं. सहा महिन्यांनी कोर्टात पुरावा म्हणून तो कागद निघतो आणि त्यावर मोरी असते! डॉक्टरांनी बरोबरच्या माणसाला बाहेर बसवून विचारावं, आणि तिनं सांगितलं तर कुणी, कशानं मारलं ते तिच्या शब्दांत लिहावं, एवढंच तर करायचं असतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र निघालं ते ह्याच विचारानं, की मार खाल्लेली बाई पोलिसांच्या आधी डॉक्टरांकडे जाते. आमच्या इथले वैद्यकीय अधिकारी तरुण आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि परिचारिकेला सांगून पडद्याआड एक स्टूल ठेवलं. स्टूल म्हणजे काही फार नव्हे, पण आधी तेही नव्हतं.

कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचा बोर्ड आहे. मी त्या रस्त्यानं आठ वर्षं शाळेत जाते, पण तो कधी वाचला नव्हता. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला वकील फुकट मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नवऱ्याचा बंगला असला तरी! आमच्यातल्या एकीला हे खरं वाटेना, ती दुसऱ्यांदा जाऊन विचारून आली.

कायद्याचं थोडं सांगते, कारण घरोघरी ह्याबद्दल भलतेच समज आहेत. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो नुसत्या मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, सतत पाणउतारा, घरखर्चाला पैसे न देणं, तिचा पगार काढून घेणं, हेही त्यात येतं. आणि तो फक्त बायकोसाठी नाही. घरातली आई, बहीण, विधवा भावजय हीसुद्धा दाद मागू शकते. फिर्याद करून नवऱ्याला तुरुंगात घालायचं नसेल तरी चालतं. संरक्षण अधिकारी म्हणून सरकारनं नेमलेले असतात, ते कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतात आणि अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. मारू नये असा आदेश, घरात राहण्याचा आदेश, पोटगी, मुलांचा ताबा, सगळं त्याच अर्जात मागता येतं. आदेश मोडला तर मात्र शिक्षा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘४९८ अ’ म्हणून आपण जे ऐकतो ते १९८३ साली दंड संहितेत आलेलं कलम वेगळं. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ ह्या कलमांत आहे.

सगळ्यांत मोठा गैरसमज घराचा. ‘घर सासऱ्यांच्या नावावर, माझा काय हक्क?’ असं मला कितीतरी जणींनी विचारलं. मालकी मिळत नाही हे खरं. पण ज्या घरात ती संसार करत राहिली, तिथून तिला कायद्याची रीत सोडून बाहेर काढता येत नाही, मग घर कुणाच्या का नावावर असेना. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचं घरही ह्यात येऊ शकतं, असं स्पष्ट केलं आहे.

आता ह्याची दुसरी बाजू. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत नि निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायद्यात लिहिलं आहे. आमच्या कोर्टातले कारकून हे ऐकून हसले. वाईट हसले नाहीत, थकलेलं हसले. आणि संरक्षण अधिकाऱ्यांची खोली सापडायलाच आम्हांला दोन हेलपाटे पडले. माणूस सालस, पण हाताखाली कुणी नाही, गाडी नाही, आणि टेबलावर फायलींची चळत. त्यांनी आम्हांला चहा पाजला आणि उलट आम्हांलाच विचारलं, ‘रात्री एखादी आली तर तुमच्यापैकी कुणी ठेवून घ्याल का?’

म्हणजे फिरून आम्ही त्याच रात्रीपाशी आलो. जिल्ह्याच्या गावी ‘सखी’ केंद्र आहे. २०१५ पासूनची ही केंद्राची योजना: एकाच जागी पोलीस, वकील, डॉक्टर, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा. चांगलं आहे. पण तिथे पोचायचं कसं? बसचं तिकीट २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं झालं, पण बसच नसेल तर अर्ध्याचं काय करायचं? मुलगा मोठा असेल तर त्याच्या वयाची अट आड येते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मागे ठेवून जायला कोणती आई तयार होईल? मारणाऱ्या बापाजवळ! स्टँडसमोरच्या लॉजवर आम्ही दोघी विचारायला गेलो, तर मॅनेजर म्हणाला, ‘एकट्या लेडीजला रूम देत नाही, पॉलिसी आहे.’ कुणाच्या भल्यासाठी आहे ही पॉलिसी, ते त्याला सांगता आलं नाही.

पैशांचं तसंच. हे बँकेत आहेत, म्हणून मी मोठ्या ऐटीत बायकांना सांगायची, स्वतःचं खातं उघडा. एका बाईनं दाखवलं तेव्हा कळलं, खातं तिच्या नावावर, पण मोबाईल नंबर नवऱ्याचा. तिनं शंभर रुपये टाकले की ह्याच्या फोनवर टिंग वाजते. मी घरी येऊन ह्यांना विचारलं, माझ्या खात्याला कुणाचा नंबर आहे? ह्यांचा होता. आमच्यात तसं काही नाही हो, पण दुसऱ्या दिवशी जाऊन मी बदलून घेतला. हे थोडे हिरमुसले. संध्याकाळी स्वतःच म्हणाले, की आमच्या शाखेत खातं उघडायला येणाऱ्या बायकांना आता हे विचारायला हवं.

शाळेचं मात्र माझ्या अखत्यारीतलं होतं, आणि तिथेच मी सगळ्यांत जास्त लाजले. मूल घेऊन माहेरी किंवा दुसऱ्या गावी गेलेल्या आईला पुष्कळदा परत यावं लागतं ते मुलाच्या शाळेपायी. जुन्या शाळेतून दाखला निघत नाही, कारण बाप अडवतो. नवी शाळा दाखल्याशिवाय घेत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे, की आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेनं दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारू नये. पण एका शाळेत (कोणती ते विचारू नका, मी तिथे तास घेतलेले आहेत) अशा एका आईला माझ्यादेखत ‘वडिलांची सही आणा’ म्हणून परत पाठवलं होतं. मी शेजारी बसून हजेरीपट भरत होते. काही बोलले नाही. तेव्हा मला कायदा ठाऊक नव्हता. पण ठाऊक नसलं तरी विचारता आलं असतं. आणि उलटही लक्षात ठेवायला हवं: बाप शाळेत येऊन ‘मुलगी कुठल्या गावी गेली?’ विचारतो तेव्हा कारकून सहज सांगून टाकतो. सांगायचं नसतं, आधी आईला विचारायचं.

माझी आई हे सगळं ऐकून म्हणाली, ‘तुम्ही आता उठलात?’ १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा ह्या तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर मोर्चे निघाले, आणि नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं, ते आईच्या आठवणीत आहे. त्या खटल्यात पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं नवऱ्याला निर्दोष सोडलं. आईला त्यातली कायद्याची बाजू आठवत नाही. तिला आठवतात ती पत्रं. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला आपली दुःखं पत्रांतून लिहिली होती. ‘म्हणजे ती बोलत होती गं,’ आई म्हणते. ‘बायका बोलत नाहीत असं नाही.’

असो. मंडळानं काय केलं ते सांगून थांबते, कारण फार मोठं काही केलेलं नाही.

कागद ठेवायची सोय झाली. सात घरं ठरवली आहेत, आमचं एक. बाईनं पिशवी आणून द्यायची, आम्ही उघडायची नाही, कुणाची ते सांगायचं नाही. बरोबर जाणाऱ्यांची यादी केली. त्यात मला आश्चर्य वाटलं, पाककृती स्पर्धेत कायम भांडणाऱ्या दोघी पहिल्यांदा पुढे आल्या. दवाखान्याच्या आणि एस.टी. स्टँडच्या बायकांच्या मोरीत आतल्या बाजूनं ११२ आणि १८१ लिहून लावले. दाराबाहेर नव्हे, आतून. तिथे नवरा वाचू शकत नाही.

रात्रीचं अडलं होतं. भाड्यानं खोली पाहायला गेलो की पहिला प्रश्न ‘मिस्टर कुठे असतात?’ काकूंच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, मुलगा परदेशी गेल्यापासून. आम्ही कुणी ते बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं, आणि काकूंना ते कळत होतं. दोन बैठका त्या गप्प राहिल्या. काकांना हृदयाचा त्रास आहे, दारात कुणी आरडाओरडा केला तर झेपणार नाही, हेही खरंच. मला त्यांचा राग आला नाही. त्या आषाढातल्या पहाटे मला जे वाटलं होतं ते मी विसरले नव्हते. तिसऱ्या बैठकीत काकूंनी किल्ली टेबलावर ठेवली. ‘तीन रात्री,’ म्हणाल्या. ‘चौथी नाही. आणि पहिल्या रात्री तुमच्यापैकी एकीनं माझ्याकडे झोपायला यायचं.’ संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवलं. विशेष कक्षातल्या ताई येऊन खोली पाहून गेल्या, आतून आणखी एक कडी बसवायला सांगून गेल्या. आतापर्यंत दोघी राहून गेल्या. एक ‘सखी’ केंद्रात गेली, एक परत घरी. परत गेलीस म्हणून तिला कुणी बोललं नाही, ते आम्ही आधीच ठरवलं होतं. बोललं की ती पुन्हा येत नाही.

चौथ्या रात्रीचं काय, ते अजून सुटलेलं नाही. नगरपरिषदेकडे एक बंद पडलेलं वाचनालय आहे, त्यासाठी अर्ज केला आहे. चार महिने झाले.

आणि ती, शेजारच्या इमारतीतली? अजून तिथेच राहते. भाजीच्या गाडीवर भेटते, मुलगी दुसरीत गेली. मी तिला काही विचारत नाही. गेल्या संक्रांतीला वाण द्यायला आली तेव्हा वाणाबरोबर तिनं एक कापडी पिशवी माझ्या हातात ठेवली. मऊशी, आत कागदांचं काहीतरी. मी ती माळ्यावर गणपतीच्या मखरामागे ठेवली आहे. परवा मखर काढायला हे शिडीवर चढले, पिशवी हाताला लागली, ‘ही कुणाची?’ म्हणून वरून विचारलं. मी काही म्हणायच्या आत सासूबाई म्हणाल्या, ‘माझी आहे. ठेव जिथल्या तिथे.’